माडीवर ठेवलेलं खालीच सापडलं: माउंट, एफएसटॅब आणि भरलेली डिस्क

खिळेजुळारी (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीत मावला असता तर तेवढाच लिहिला असता, पण चार दिवसांत काय काय झालं ते ओळीनं सांगितल्याशिवाय तुम्हाला उलगडा व्हायचा नाही. फोनवरून मराठीत टाइप करतोय, त्यामुळे आज्ञासुद्धा देवनागरीतच लिहितो. तुम्हीही तशाच लिहा, मशीनवर मी रोमनमध्ये उतरवून घेईन.

आमचा सांगलीत छोटा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल छपाईयंत्र होतं, मी स्वतः खिळे (शिशाची अक्षरं) जुळवलेत. आता ऑफसेट आणि डीटीपी. लग्नपत्रिका, मार्केट यार्डातल्या अडत्यांची पावती पुस्तकं, हळदीच्या पोत्यांची लेबलं, जत्रेची हँडबिलं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा दुकानात छातीइतकं पाणी होतं. कागद गेला, शाई गेली, त्याचं एवढं नाही. पण पंधरा-सोळा वर्षांची डिझाइनं ज्या मशीनमध्ये होती ते मशीनही चिखलातून उपसून काढलं. निम्मं काम परत मिळालं नाही. तेव्हा ठरवलं, कामाची एक प्रत रोज माडीवर गेलीच पाहिजे.

भाचा पुण्याला असतो, त्याच्याकडून व्यवस्था करून घेतली. विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीत संपला, त्याच सुमारास त्यानं दुकानातल्या नव्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. (एक जुनं विंडोज ७ चं मशीन अजून आहे, जुन्या फॉन्टांतली कामं उघडायला. त्याला इंटरनेट दिलेलं नाही.) माडीवर देवघराशेजारच्या फळीवर दोन डिस्कांची एक सेकंडहँड पेटी बसवली, नेटवर्कवरून चालणारी. तिच्यावरचा ‘प्रेस’ नावाचा शेअर मिंटमध्ये /एमएनटी/माडी या फोल्डरला जोडला. रोज रात्री साडेनऊला आरसिंक हा फायलींची प्रत काढणारा प्रोग्राम चालतो आणि दिवसाचं काम वर जातं. म्हणजे जातं असं मी समजत होतो.

सोमवारी कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि आमच्याकडे आवराआवर सुरू झाली. सांगलीत नदीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, हात आपोआप चालतात. खालच्या फळीवरचे रीम वर घेतले आणि टेबलावरची यूएसबीची हार्ड डिस्क काढून माडीवर नेली. मंगळवारी सकाळी मशीन सुरू केलं तर दीड मिनिट नुसती एक लाल रेघ इकडून तिकडे फिरतेय, आणि मग काळा पडदा: इमर्जन्सी मोड. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, एंटर दाब, नॅनोनं एफएसटॅब उघड, त्या डिस्कच्या ओळीपुढं हॅश टाक, रीबूट कर.” (नॅनो हा मजकूर बदलायचा प्रोग्राम, आणि एफएसटॅब म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी.) केलं. मशीन उठलं. तो मीटिंगमध्ये होता, फोन ठेवला.

मग पत्रिकेची फाइल सेव्ह करायला गेलो तर डिस्कवर जागा नाही. २५६ जीबीची एसएसडी, जागा दाखवणारी डीएफ -एच ही आज्ञा म्हणतेय १०० टक्के भरलीय. कुठं काय भरलंय म्हणून फोल्डरवार बघितलं, तर ९८ जीबी माझं काम, ते बरोबर. आणि दुसरे ९८ जीबी /एमएनटी/माडी मध्ये!

माडी खाली कशी? जुन्या विंडोजवरून पेटी उघडून पाहिली. उघडली, सगळं आहे, पण शेवटच्या फाइलची तारीख मे महिन्यातली. अडीच महिने वर काहीही गेलेलं नाही. सगळं खालीच, त्याच मशीनमध्ये, नदीपासून त्याच अंतरावर.

एफएसटॅबमधल्या दोन ओळी देतो. पहिली भाच्याची, दुसरी मी तिच्याकडे बघून घातलेली:

//१९२.१६८.१.५०/प्रेस /एमएनटी/माडी सीआयएफएस युजरनेम=प्रेस,पासवर्ड=…,व्हर्स=१.०,यूआयडी=१०००,नोफेल ० ०

/डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/डिस्क एनटीएफएस डिफॉल्ट्स ० २

एक साधी डिस्क नाही म्हणून अख्खं मशीन अडून बसतं, आणि माडी अडीच महिने गायब असून त्याबद्दल एक चकार शब्द नाही, हे कसं? आणि आता काय करू? आज पाणी ३४ फुटांवर आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका.

मिरज_जंक्शन

काका, आधी पेटीचा पासवर्ड बदला. तुम्ही पोस्ट दुरुस्त करून तो काढलात, पण त्याआधी अर्धा तास तो इथं होता आणि मी तो वाचला. नदीचं नाव आणि १२३. असो.

दुसरं, रात्रीचा आरसिंक आत्ताच्या आत्ता बंद करा. क्रॉनटॅब -ई करून (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी उघडते) त्या ओळीपुढे हॅश. आणि कुठलंही फोल्डर डिलीट करू नका, कितीही जागा कमी असली तरी. थोडी जागा हवी असेल तर सुडो अ‍ॅप्ट क्लीन चालवा, एक-दोन जीबी सुटतील.

आता तुमचा प्रश्न. /एमएनटी/माडी हे एक साधं रिकामं फोल्डर आहे, तुमच्या एसएसडीवरचं. खालच्याच एका खोलीवर कुणीतरी ‘माडी’ अशी पाटी लावलीय असं समजा. माउंट झालं, म्हणजे पेटीचा शेअर तिथं जोडला गेला, की त्या दारातून जिना वर जातो. माउंट नसलं की दार उघडतंच, फक्त आत खालचीच खोली असते. आरसिंकला जिन्याशी देणंघेणं नाही. पाटी दिसली, सामान टाकलं, निघाला. मे महिन्यात पहिल्याच रात्री त्याला खोली रिकामी दिसली, म्हणून त्यानं सगळं काम नव्यानं उतरवलं. तेव्हापासून तुमची प्रत्येक नवी फाइल एकाच एसएसडीवर दोनदा साठतेय. जुलैत भरली, त्यात नवल नाही.

मशीन अडण्याचं कारण ‘नोफेल’. तुमच्या डिस्कच्या ओळीत तो शब्द नाही. सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा लिनक्सचा भाग, अशा ओळीचा अर्थ असा घेतं की ही डिस्क असल्याशिवाय मशीन चालवायचंच नाही. ९० सेकंद वाट बघतं, मग इमर्जन्सी मोड. भाच्याच्या ओळीत नोफेल आहे, शिवाय नेटवर्कवरचे शेअर वेगळ्या गटात मोजले जातात, ते न मिळाल्यानं सहसा मशीन अडत नाही. भाच्यानं बरोबर केलं होतं हो. पण नोफेल म्हणजे ‘नाही जमलं तर अडू नकोस’. त्यात ‘मालकाला सांग’ कुठेच येत नाही.

आता हे करून आकडा कळवा. फाइंडएमएनटी /एमएनटी/माडी चालवा. काहीच छापलं नाही तर माउंट नाही. मग सुडो माउंट /एमएनटी/माडी. जो एरर येईल त्याचा कंसातला आकडा महत्त्वाचा, बाकीचं इंग्रजी सोडून द्या.

पाटणचा_मास्तर

जंक्शनरावांनी मुख्य सांगितलंच आहे. मी फक्त त्या दुसऱ्या ओळीवर बोलतो, कारण त्या ओळीनं मला एकदा रडवलंय.

/डेव्ह/एसडीबी१ असं कधी लिहू नये. ते नाव डिस्कचं नाही, रांगेतल्या नंबरचं आहे. आज पेनड्राइव्ह आधी लागला तर उद्या तोच एसडीबी. एलएसबीएलके -एफ चालवा, प्रत्येक विभाजनासमोर यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल, तो लिहा. ओळ अशी होईल:

यूयूआयडी=… /एमएनटी/डिस्क एनटीएफएस-३जी नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५,यूआयडी=१००० ० ०

शेवटचा २ काढून ० केलाय. तो आकडा सुरुवातीला तपासणी करायची की नाही याचा. एनटीएफएसची तपासणी विंडोजनंच करायची.

आमच्या शाळेतली गोष्ट. मुलांच्या मूल्यमापनाच्या नोंदी एका बाहेरच्या डिस्कवर, तिथून शाळेच्या दुसऱ्या मशीनवर आरसिंक, आणि मी हौसेनं त्यात --डिलीट लावलेलं. मूळ ठिकाणी नसलेलं तिकडूनही पुसायचं, म्हणजे दोन्हीकडे सारखं. एका दिवशी डिस्क माउंट झाली नाही. मूळ फोल्डर रिकामं. आरसिंकनं प्रामाणिकपणे दुसरीकडचंही रिकामं केलं. डिस्क कपाटात होती म्हणून वाचलो. काका, तुमच्या स्क्रिप्टमध्ये --डिलीट आहे का ते बघा.

खिळेजुळारी

--डिलीट नाही. भाच्यानं मुद्दाम घातलं नव्हतं म्हणे, “मामा, तुझ्याकडनं काही पुसलं जाऊ नये.” पासवर्ड बदलला. मास्तरांची ओळ घातली, डिस्क काढून रीबूट करून पाहिलं, मशीन निमूटपणे उठलं.

माडीचा आकडा आधी ११३ आला. कनेक्ट होत नाही. पिंग केलं तरी पेटी उत्तर देईना, पण जुन्या विंडोजवर तीच पेटी नावानं झटक्यात उघडते. डोकं खाजवत बसलो आणि मग आठवलं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी वीज कडाडली आणि राउटर गेला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्या पोरानं नवा बसवून दिला. नव्या राउटरनं पेटीला पत्त्याच्या शेवटी ५० ऐवजी ७ नंबर दिलाय! विंडोज नावानं शोधतं म्हणून त्याला फरक पडला नाही, लिनक्स बिचारं अडीच महिने ५० नंबरच्या दारावर टकटक करतंय. राउटरच्या पानावर जाऊन पेटीला ५० नंबर कायमचा बांधून दिला. पेटीचा प्लग काढून लावला. आता पिंग होतं.

मग विचार केला, ओळ नव्यानंच लिहू, पासवर्ड उघडा नको. भाच्याची ओळ लांबलचक, मी माझ्या समजुतीनं जरा सुटसुटीत केली. आता वेगळाच आकडा: ११२, होस्ट इज डाउन. अहो पण होस्ट डाउन कुठंय? पिंग होतंय, माडीवर जाऊन बघून आलो, दिवा हिरवा आहे. गुडघे दुखतात, दर वेळी जिना चढवू नका.

पाणी ३६.

वाई_टर्मिनल

सुटसुटीत करताना व्हर्स=१.० उडवलंत ना? तेच.

११२ च्या शब्दांवर जाऊ नका. जिवंत पेटीही ११२ देते, जेव्हा दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. फाइल शेअर करण्याच्या या प्रोटोकॉलच्या पिढ्या आहेत: एसएमबी १, २, ३. तुमची पेटी जुनी, पहिलीच बोलते. लिनक्स कर्नलमध्येही पूर्वी काही लिहिलं नाही तर १ च धरला जायचा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधल्या भोकातून. त्याच वर्षी कर्नल ४.१३ पासून हा डिफॉल्ट वर सरकला. आता ओळीत काही नसेल तर तुमचं मिंट २.१ किंवा त्यापुढचंच बोलायला बघतं, पेटी गप्प राहते, आणि मिंट म्हणतं होस्ट डाउन.

व्हर्स=१.० परत लिहिलंत तर चालेल. पण आधी ब्राउझरमध्ये पेटीचं सेटिंगचं पान उघडा. बऱ्याच जुन्या पेट्यांत कमाल प्रोटोकॉल निवडायची जागा असते आणि ती विनाकारण १ वर ठेवलेली असते. २ मिळत असेल तर तो लावा आणि ओळीत व्हर्स=२.० लिहा. तुमच्या जुन्या विंडोज ७ लाही २ येतं, अडचण नाही. ३ मिळत असेल तर त्याहून उत्तम.

पासवर्ड /रूट/.माडी नावाच्या फाइलमध्ये, युजरनेम=… एका ओळीवर, पासवर्ड=… दुसरीवर, बरोबरीच्या चिन्हाभोवती जागा सोडायची नाही. सीएचमॉड ६००, म्हणजे ती फाइल फक्त तिच्या मालकालाच वाचता येईल. मग एफएसटॅबमध्ये क्रेडेन्शियल्स=/रूट/.माडी.

यूआयडी=१०००,जीआयडी=१००० ठेवा, नाहीतर सगळ्या फायली रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मालकीच्या दिसतील आणि तुम्हाला लिहिता येणार नाही. मराठी नावं आहेत म्हणून आयओकॅरसेट=यूटीएफ८ पण लिहा. बहुतेक ठिकाणी आपोआप तेच असतं, पण लिहिलेलं बरं.

जाता जाता, लिनक्सवर एसएमबी बोलणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरचं नाव अँड्र्यू ट्रिजेलनं शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं ज्या शब्दात त्याच क्रमानं येतात असे शब्द शोधून काढलं होतं. नाचाशी संबंध एवढाच.

खिळेजुळारी

पेटीच्या पानावर २ होता. लावला. सुडो माउंट /एमएनटी/माडी, एंटर, आणि काहीही न बोलता खालची ओळ आली. जंक्शन म्हणाले होते तसं फाइंडएमएनटीनं आता एक ओळ छापली. पत्रिकांची नावं स्वच्छ मराठीत दिसतात.

पण अहो, घोटाळा झाला! मे नंतरचं सगळं गायब! मघापर्यंत /एमएनटी/माडी मध्ये कालची पत्रिका दिसत होती, आता उघडलं तर मे महिन्यापर्यंतच्याच फायली. मूळ काम दुसरीकडे सुरक्षित आहे, ते बघून घेतलं, पण ज्या ९८ जीबीनं डिस्क भरली ते गेले कुठं? आणि गेले म्हणावं तर डीएफ अजून १०० टक्केच दाखवतंय. खिळ्याच्या केसमध्ये ‘क’ चा खण उपसावा आणि आत भलतीच अक्षरं निघावीत तसं झालंय.

मिरज_जंक्शन

काही गेलेलं नाही. पाटीच्या दाराला जिना लावलात, आता त्या दारातून खालची खोली दिसणार कशी? ती जिन्याच्या मागे झाकली गेलीय. जागा मात्र अडवून बसलीय. या प्रकारात लोक हमखास घाबरतात, आमच्या इथं तर एकानं डिस्कच बदलायला काढली होती.

झाकलेलं बघायला दुसऱ्या बाजूनं दार पाडायचं. सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/तळघर. मग सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/तळघर. म्हणजे तुमची मूळ एसएसडी आणखी एका ठिकाणाहून दिसेल, आणि साधा बाइंड त्यावर लावलेले दुसरे माउंट सोबत आणत नाही. आता सुडो डीयू -एसएच /एमएनटी/तळघर/एमएनटी/माडी. तुमचे ९८ तिथं सापडतील.

तुमचं मूळ काम शाबूत आहे म्हणता, म्हणजे झाकलेली ती नुसती दुसरी प्रत. तरी घाई नको. आधी मूळ फोल्डरवरून खऱ्या माडीवर हातानं आरसिंक चालवा, -ए ऐवजी -आरटीव्ही लावा. समोर सांबा आहे, तिथं मालकी आणि परवानग्या नेण्याचा हट्ट धरला की उगाच तक्रारी छापतो. एसएसडीवर जागा लागत नाही, सरळ वर जातं. ते पुरं झालं की दोन-चार ताज्या फायली विंडोजवरून उघडून बघा. मगच तळघरातलं पुसा. पुसताना वाटेत ‘तळघर’ हा शब्द आहे का, तीनदा वाचा. तो शब्द विसरलात तर माडीवरचंच पुसाल.

मग दोन्ही उतरवा: सुडो यूमाउंट /एमएनटी/तळघर, सुडो यूमाउंट /एमएनटी/माडी. टार्गेट इज बिझी म्हणालं तर फाइल मॅनेजरची खिडकी उघडी असेल, किंवा तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असेल. आणि आता खोली रिकामी असताना तिला कुलूप: सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/माडी. यापुढे माउंट नसेल तर रूटलासुद्धा त्यात एक फाइल ठेवता येणार नाही. माउंट मात्र वरून व्यवस्थित बसतं. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/माडी || एक्झिट १ टाका म्हणजे झालं.

वाई_टर्मिनल

कुलूप आवडलं. माउंटपॉइंटच्या तपासणीबद्दल मात्र थोडं थांबा.

काकांकडे लाइट जाऊन आली की मिंट अर्ध्या मिनिटात उठणार आणि पेटीला तीन-चार मिनिटं लागणार. म्हणजे सुरुवातीचा माउंट दर वेळी फसणार आणि नंतर कुणी परत प्रयत्न करणार नाही. इथं ऑटोमाउंट हवं. पूर्ण ओळ:

//१९२.१६८.१.५०/प्रेस /एमएनटी/माडी सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/रूट/.माडी,व्हर्स=२.०,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,आयओकॅरसेट=यूटीएफ८,नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३० ० ०

सुरुवातीला माउंट करायचंच नाही. कुणी त्या फोल्डरला हात लावला की तेव्हा करायचं. पेटी सापडली नाही तर ३० सेकंदांनी एरर, आणि खालच्या खोलीत काहीही पडत नाही, कारण दारात पहारेकरी बसलेला असतो. पण तो पहारेकरीसुद्धा एक माउंटच आहे, ऑटोएफएस नावाचा. त्यामुळे माउंटपॉइंट -क्यू ला विचारलंत तर शेअर नसतानाही तो ‘आहे’ म्हणेल.

म्हणून खूण ठेवायची. खऱ्या माडीवर, पेटीत, एक रिकामी फाइल ठेवा, नाव वर-आहे. स्क्रिप्टमध्ये टेस्ट -एफ /एमएनटी/माडी/वर-आहे || एक्झिट १. ती फाइल फक्त पेटीवर आहे, म्हणून ती दिसली तरच आपण वर. ऑटोमाउंट असो नसो, कुठंही चालतं.

ओळ बदलल्यावर सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, मग सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एमएनटी-माडी.ऑटोमाउंट. रीबूट करण्याआधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, एफएसटॅबमधली टायपिंगची चूक तिथंच पकडली जाते. प्रूफ वाचण्यासारखंच आहे, तुम्हाला सांगायला नको.

मिरज_जंक्शन

बरोबर, ऑटोएफएसचं माझ्या लक्षात नव्हतं. माझी ओळ रद्द, खुणेची फाइल घ्या. आमच्या इथल्या दोन स्क्रिप्टांतही आता हे बदलावं लागणार, बोंबला.

खिळेजुळारी

काल रात्री अकरापर्यंत बसलो होतो. क्रमानं सांगतो.

तळघर उघडलं, ९८ जीबी जसेच्या तसे तिथं. खरं सांगतो, हायसं वाटण्यापेक्षा आधी ओशाळलो. इतके दिवस पाटी वाचून समाधानी होतो, एकदा जिना चढून पेटीत काय आहे ते बघितलं नाही. मूळवरून माडीवर आरसिंक लावला. अडीच महिन्यांचं काम, फार नव्हतं, वीसेक मिनिटांत आटपलं. एकच फाइल अडली: फाइल नेम टू लाँग. आमच्या पोरानं नाव ठेवलं होतं, वराचं पूर्ण नाव, वधूचं पूर्ण नाव, शुभविवाह पत्रिका, मागची बाजू, अंतिम, नवीन अंतिम, खरी अंतिम. मशीनवर ते बसलं आणि पेटीवर का नाही कळेना.

तळघर शब्द तीनदा वाचून पुसलं. डीएफ ५६ टक्क्यांवर आलं. कुलूप लावलं, वाईकरांची ओळ घातली, व्हेरिफाय केलं. त्यानं खरंच एक चूक काढली, स्वल्पविरामानंतर जागा सुटली होती. आमच्या धंद्यात स्वल्पविरामानंतर जागा सोडायचीच असते, हात तसाच पडला.

रीबूट केलं, फोल्डरला हात लावला, क्षणभर थांबून माडी उघडली.

राहिला प्रश्न ‘मालकाला सांग’ चा. स्क्रिप्ट एक्झिट होईल, पण रात्री साडेनऊला मला कोण सांगणार? ईमेलचं मला जमत नाही आणि मी बघतही नाही. कुणाकडे सोपा उपाय आहे का?

पाटणचा_मास्तर

लांब नावाचं कारण असं. बहुतेक लिनक्स फाइलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. जुन्या पेट्यांत मर्यादा कधी याहूनही कमी असते, फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर हमखास. ‘खरी अंतिम’ तेवढं काढा, बसेल.

सांगण्याचं म्हणाल तर, तुमच्याकडे प्रिंटर आहेत की हो. सगळ्यात जवळचा कुठला?

खिळेजुळारी

मास्तर, तुमच्या पाया पडतो.

दुकानात प्रूफ काढायचा लेझर प्रिंटर मशीनला जोडलेलाच असतो. रात्री बंद करायचो, आता चालू ठेवतो. एक पान सेट केलं, ‘काल माडीवर काम गेलेलं नाही’, पीडीएफ करून ठेवलं. स्क्रिप्टमध्ये एक्झिट १ च्या आधी एलपी (छापायची आज्ञा) आणि त्या पीडीएफची वाट. एवढंच. आरसिंक स्वतः मध्येच अडला तरीही तेच पान निघेल असं केलंय.

तपासायला पेटीची नेटवर्कची केबल काढली (जिना परत चढलो, हो) आणि खाली येऊन स्क्रिप्ट हातानं चालवली. तीस सेकंद शांतता. मग प्रिंटर घरघरला आणि पान बाहेर पडलं. /एमएनटी/माडी मध्ये बाइटभरही काही पडलं नाही. केबल लावून परत चालवली, पान नाही, फायली वर. रात्री साडेनऊला क्रॉननं आपोआप चालवली तेव्हा मी मुद्दाम पेटीसमोर बसलो होतो, डिस्कांचा आवाज ऐकत. बायको म्हणाली देवघरापुढं बसलाय आणि तोंड भलतीकडं.

पाणी ३७ ला टेकून रात्रीतून दोन फूट उतरलं. रीम अजून वरच ठेवलेत.

भाच्याला सगळं फोनवर सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, क्रेडेन्शियल फाइलला सहाशे दिलंस का. दिलं म्हटलं. ते सूचनेचं पान आधी १४ पॉइंटात लावलं होतं, ट्रेमध्ये इतर प्रुफांत सहज हरवेल. आता ७२ केलंय, ठळक.